सवय लागली म्हणजे नेमकं काय झालं? (फायदे, तोटे आणि सवय जिथे हात टेकते ती जागा)

तिरपी_रेघ
चांगल्या सवयी कशा लावाव्यात यावर इतकं लिहून झालंय की अजून एक धागा काढताना जरा ओशाळल्यासारखं वाटतंय, पण मला ते पहाटे उठा, डायरी लिहा, मोबाईल लांब ठेवा वगैरे नकोच आहे. मला पडलेला प्रश्न असा की सवय लागली असं आपण म्हणतो तेव्हा नक्की काय झालेलं असतं आणि ते झाल्यावर आपल्या हातातून काय जातं.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे भांडायला बरं. सवय आपल्याकडून निर्णय काढून घेते. दात घासायचे का नाही यावर सकाळी कोणी विचार करत बसत नाही, मूड असो नसो ब्रश हातात येतोच, आणि हा फायदा खरंच प्रचंड आहे कारण रोज प्रत्येक गोष्टीवर मनाशी घासाघीस करायची वेळ आली तर माणूस दुपारपर्यंत थकून जाईल. पण निर्णय गेला की त्याच्याबरोबर लक्षही जातं, आणि लक्ष गेलं की आठवणही राहत नाही.

घरातलंच सांगते. एका ज्येष्ठांना रोज सकाळी बीपीची गोळी असते, वर्षानुवर्षं घेतायत, इतकी अंगवळणी पडलीय की कोणी सांगावं लागत नाही. खण उघडायचा, स्ट्रिपमधून गोळी दाबून काढायची, पाण्याचा घोट, स्ट्रिप परत खणात. अर्धं मिनिट पण लागत नाही. थोड्या वेळाने विचारलं की घेतली का, तर थांबतात. हातात ग्लास होता हे आठवतं पण ते आजचं की कालचं ते नाही सांगता येत. स्ट्रिप काढून बघावं तर आज किती भोकं असायला हवीत हे कोणाला माहिती. म्हणजे सवय जितकी पक्की तितकी खात्री कमी, उलटाच हिशोब झाला की हा.

तर तुमच्या कुठल्या सवयी कामाच्या आहेत आणि कुठल्या जागी त्या उपयोगाच्या नाहीत हे लिहा. उपदेश नको, अनुभव आणि माहिती चालेल.

घड्याळवाला
छान विषय. तरी फायद्याची बाजू तुम्ही फार पटकन उरकलीत असं वाटतं. माझ्या मते सवयीचा खरा उपयोग वाईट दिवशी कळतो. चांगल्या दिवशी काय, कोणीही व्यायाम करेल. झोप झाली नाहीये, साहेबाने झापलंय, घरी कोणी आजारी आहे, अशा दिवशी जे होतं ते सवयीनेच होतं, इच्छाशक्ती वगैरे त्या दिवशी रजेवर असते.

आणि सवय लावायची सोपी युक्ती म्हणजे नुसतं "रोज वाचेन" असं न ठरवता आधीपासून होत असलेल्या गोष्टीला ती बांधायची. "रात्री मोबाईल चार्जिंगला लावला की दोन पानं वाचणार." जर अमुक झालं तर मी तमुक करणार, अशा वाक्यात ठरवलं की ते होण्याची शक्यता वाढते, पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय. किल्ल्या, चष्मा, पाकीट यांना ठरलेली एकच जागा, हे पण त्यातलंच. २१ दिवस चिकाटीने करा, पुढे आपोआप होतं.

आळसोबा
मला सवयी लावून घ्यायची सवय आहे. एकही लागत नाही पण ती मात्र सुटत नाही.

झोपाळू_मांजर
आळसोबा __/\__ हसून हसून पुरेवाट. नव्याचे नऊ दिवस, माझे तर चार पण होत नाहीत.

चष्मिष
@घड्याळवाला, जर-तरचं बरोबर आहे, पण २१ दिवसांचं कृपया सोडा आता. तो आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनकडून आलाय. पेशंटला बदललेला चेहरा आपलासा वाटायला, किंवा अवयव गेल्यावर तो नसल्याचं अंगवळणी पडायला, कमीत कमी साधारण २१ दिवस लागतात असं त्याचं निरीक्षण होतं, ते त्याने १९६० साली लिहिलं. पुढे लोकांनी "कमीत कमी" आणि "साधारण" दोन्ही गाळलं, पेशंट पण गाळले आणि राहिला नुसता आकडा.

त्याच्या जागी आता ६६ दिवस सांगतात, त्याचीही गंमत आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवीन गोष्ट करायला सांगितली, ८४ दिवस, आणि ती किती आपोआप होते हे ते लोक स्वतः नोंदवत होते. २००९ साली ते प्रसिद्ध झालं. त्यातला मधला आकडा ६६, पण पसारा १८ ते २५४ दिवसांचा! आता कोणी म्हणेल अभ्यासच ८४ दिवसांचा तर २५४ आले कुठून, तर मिळालेल्या नोंदींच्या आलेखावर जो वक्र बसला तो पुढे वाढवून. आणि तो वक्र नीट बसला तो ३९ जणांच्याच बाबतीत. बाकीच्यांचं काय ते ६६ म्हणणारे सांगत नाहीत.

त्यातल्या दोन गोष्टी मात्र खरंच कामाच्या आहेत. पाण्याचा ग्लास पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुळते आणि व्यायामाला जास्त वेळ लागतो. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही. विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये लिहून ठेवलं होतं की नवी सवय पक्की होईपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नका, ते मला तरी विनाकारण घाबरवणारं वाटतं. एक दिवस गेला की "आता गेलंच सगळं" म्हणून सोडून देणारे त्यातूनच तयार होतात.

आळसोबा
म्हणजे मला २५४ लागतात. चला, कारण सापडलं.

कुरकुर_काका
तुम्हा पोरांना सगळ्याला अभ्यास लागतो बुवा. आमच्या वेळी शिस्त म्हणायचो, वक्र बिक्र नव्हते. पण एक गोष्ट लिहितो, रेघताईंच्या प्रश्नाशी जुळते.

नोकरीत असताना मी पहाटे उठून चालायला जायचो, एक दिवस चुकायचो नाही, लोक उदाहरण द्यायचे माझं आणि मलाही वाटायचं की हा माझा स्वभावच. रिटायर झालो आणि महिन्या दोन महिन्यात सगळं कोसळलं. वेळच वेळ असताना! कारण शोधायला बसलो तेव्हा कळलं की ते चालणं माझं नव्हतंच, ते ऑफिसच्या गाडीच्या वेळेचं होतं. अमुक वाजता निघायचं म्हणून अमुक वाजता अंघोळ म्हणून त्याआधी चालणं. खालचा खांब काढला आणि वरचं सगळं खाली आलं. लोकांना वाटतं सवय माणसात असते, अरे ती अर्धी बाहेर असते, जागेत, वेळेत, आजूबाजूच्या माणसांत.

तिरपी_रेघ
काका, हे फारच नेमकं लिहिलंत. घर बदललं, मूल झालं, नोकरी सुटली की आपण म्हणतो "माझी शिस्त बिघडली", आणि स्वतःला बोल लावत बसतो. मला वाटतं जुनी वाईट सवय सोडायची असेल तर हाच काळ चांगला असणार, कारण तिचाही खांब हललेला असतो.

शून्यप्रहर
मी रोटेशन ड्युटीत आहे (नर्सिंग). सकाळ, दुपार, रात्र, चक्र चालूच. सवयींवरचे लेख वाचले की मला पहिल्या ओळीतच राग येतो, "रोज ठराविक वेळी". कुठली ठराविक वेळ? माझी सकाळ कधी संध्याकाळी होते. जगात इतके लोक पाळीत काम करतात, पण हे सल्ले सगळे नऊ ते पाचवाल्यांसाठीच लिहिलेले असतात आणि मग आपल्यालाच वाटत राहतं की आपल्यात काहीतरी कमी आहे.

वळणावर
+१ शून्यप्रहर. आणि यातच भर घालते, जरा तिखट लागेल, हलकेच घ्या.

थोर लोकांच्या दिनचर्या कौतुकाने सांगतात ना, त्यात एक माणूस नेहमी गाळलेला असतो. अँथनी ट्रोलोप हा इंग्रज कादंबरीकार पोस्टखात्यात नोकरी करायचा, पहाटे साडेपाचला टेबलावर बसायचा आणि घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचा. केवढी सवय, केवढी शिस्त! पण त्याला उठवायला एक म्हातारा नोकर होता, वर्षाला ५ पौंड जादा घेऊन हे काम करायचा, आणि हे ट्रोलोपने स्वतः प्रामाणिकपणे लिहिलंय, आपल्या यशाचं श्रेय त्याला देऊन. तसाच तो जर्मन तत्त्वज्ञ कांट, ज्याच्या फिरायला जाण्याच्या वेळेवरून लोक घड्याळं लावायचे असं सांगतात. पहाटे पाचला त्याला हाक मारून उठवणारा लांपे नावाचा नोकर होता, पूर्वीचा सैनिक. कांट पाचला उठायचा तर लांपे कितीला उठत असेल? त्याची सवय कोणी लिहिली का?

घरोघरी हेच. एकाची सकाळची शांत तासाभराची "मी टाईम"ची सवय टिकते कारण त्या तासात दारावरची बेल, मुलाची शाळा, पाण्याची मोटर हे दुसरं कोणीतरी बघत असतं. म्हणून कोणी माझ्या सवयी बघा म्हटलं की मी आधी विचारते, त्या वेळात घर कोण सांभाळतं.

घड्याळवाला
वळणावर, मुद्दा मान्य, पण मग ज्याला कोणी मदतीला नाही त्याने सवयी लावूच नयेत का? उलट त्यालाच जास्त गरज आहे ना.

वळणावर
लावाव्यात की. फक्त "मी एवढं करतो, तुला का जमत नाही" हे म्हणू नये.

चकवा
माझा मुद्दा वेगळाच आहे, मी सवयीच्या विरुद्ध पक्षात. आधी एक कोडं सोडवा, खाली लगेच बघू नका.

तीन भांडी, अ ब क. पाणी हवं तितकं, पण मापाच्या खुणा नाहीत. आकडा म्हणजे त्या भांड्यात किती मावतं तो.
अ २१, ब १२७, क ३. मोजून १०० घ्या.
अ १४, ब १६३, क २५. मोजून ९९ घ्या.
अ १८, ब ४३, क १०. मोजून ५ घ्या.
अ ९, ब ४२, क ६. मोजून २१ घ्या.
अ २३, ब ४९, क ३. मोजून २० घ्या.

झोपाळू_मांजर
जमलं! ब भरायचं, त्यातून एकदा अ आणि दोनदा क काढायचं. १२७ वजा २१ वजा ६ म्हणजे १००. पाचही त्याच पद्धतीने, शेवटचं ४९ वजा २३ वजा ६ बरोब्बर २०. यात विरुद्ध पक्ष कुठे आला?

चकवा
शेवटचं परत बघ. अ २३ आणि क ३.

झोपाळू_मांजर
अरे देवा. २३ वजा ३. आईशप्पथ दिसलंच नाही.

चकवा
दिसत नाहीच. लुचिन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली हे प्रयोग प्रसिद्ध केले, आधीची चार-पाच गणितं एकाच पद्धतीने सोडवली की बहुतेक लोक पुढे लांबचाच रस्ता धरतात, आणि ज्यांना थेट शेवटचंच गणित देतात ते सरळ २३ वजा ३ करून मोकळे होतात. त्याहून वाईट पुढे आहे. मग तो एक गणित देई, २८, ७६, ३ यांतून २५. इथे जुनी पद्धत लागूच पडत नाही, ४२ येतात. आधी सवय लागलेल्यांपैकी बरेच जण इथे अडकून बसायचे, उत्तर २८ वजा ३ असून! काही गटांना त्याने कागदावर "आंधळे होऊ नका" असं लिहायला लावलं तर थोडा फरक पडला.

मांजर, तुझ्या डोक्याचा काही दोष नाही यात, पहिल्या चार वेळा पद्धत खरंच बरोबर होती. माझा राग यावरच आहे. चुकीची सवय निदान बोचते तरी, बरोबर असलेली सवय कधी जुनी झाली ते कळतच नाही. ऑफिसात एक एक्सेल शीट भरणारा माणूस बघा, त्याला विचारा हे का करतोस, म्हणेल नेहमी करतो.

कुरकुर_काका
मी पण अडकलो पण सांगत नाही.

चष्मिष
चकवा, भारी. याला जोडून प्रत्यक्ष आयुष्यातलं एक. फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या मेट्रोत दोन दिवस संप झाला, काही स्टेशनं बंद, काही चालू. लोकांना नाईलाजाने दुसऱ्या रस्त्याने जावं लागलं. नंतर काही अर्थशास्त्रज्ञांनी प्रवासी कार्डांच्या नोंदी बघितल्या तर संपात रस्ता बदलावा लागलेल्यांपैकी साधारण ५ टक्के लोक संप मिटल्यावरही नव्याच रस्त्याने जात राहिले. म्हणजे रोज ये-जा करणारे, रस्ता पाठ असलेले हे लोक, पण त्यांना आपला सोयीचा रस्ता कुठला हेच माहिती नव्हतं, संपाने शिकवलं.

अर्थात ९५ टक्के जुन्याच रस्त्यावर परत आले हेही लक्षात घ्या, म्हणजे सवय बहुतेकांची ठीकच होती. चकवा जरा वाढवून सांगतोय.

चकवा
ठीक होती का फक्त परत आले?

चष्मिष
तेही आहेच म्हणा.

अनामिका_७
वाचनमात्र असते, आज राहवलं नाही. रेघताईंच्या गोळीवर कोणी बोललंच नाही. माझं तेच कुलपाचं. जिन्यावरून खाली आले की प्रश्न, लावलं का? हल्ली मी एक करते, कुलूप लावताना मोठ्याने म्हणते "कुलूप लावलं". शेजारी बघतात, बघू देत. जपानमध्ये रेल्वेचे लोक असंच करतात, सिग्नलकडे बोट दाखवून तोंडाने बोलतात, मोटरमन केबिनमध्ये एकटा असला तरी. त्याने चुका कमी होतात हे तिथे तपासून झालंय. बोट, डोळा, तोंड, कान सगळे एका जागी आले की लक्ष परत येतं असं मला वाटतं.

तिरपी_रेघ
अगं अनामिका, मला हेच हवं होतं. करून बघायला सांगते घरी.

घड्याळवाला
पण हे बोलणंही काही दिवसांनी सवयीचं होणार ना? तोंड बोलत राहील, हात काहीतरी तिसरंच करत असेल.

चकवा
होतंच. याचं फार वाईट उदाहरण आहे. १३ जानेवारी १९८२, वॉशिंग्टनला बर्फ पडत होता, एअर फ्लोरिडाचं बोईंग ७३७. उड्डाणाआधी चेकलिस्ट मोठ्याने वाचतात, एकाने विचारायचं दुसऱ्याने उत्तर द्यायचं. इंजिनावरची बर्फरोधक यंत्रणा? उत्तर आलं, "बंद". बर्फ समोर दिसतोय आणि बंद. त्यामुळे इंजिनाची ताकद प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवली गेली, विमान उडालं पण फार वर गेलंच नाही, पुलावर आपटून नदीत पडलं, ७८ माणसं गेली. त्या वैमानिकांना बर्फातल्या उड्डाणांचा अनुभव कमी होता असं चौकशीत आलं. एरवी रोजच्या हवेत ते उत्तर "बंद" असंच असणार, माझ्या मते तेच तोंडातून निघालं. यादी वाचली गेली, प्रश्न विचारला गेला, उत्तरही दिलं गेलं, पद्धत म्हणून करायचं काहीच राहिलं नव्हतं.

आळसोबा
बाप रे. मगाशी विनोद करत होतो, आता कुलूप बघून येतो.

अनामिका_७
@घड्याळवाला, बरोबर आहे तुमचं, नुसतं "लावलं" म्हटलं की ते तोंडपाठ होतं, मलाही आठवड्याभरात तसंच वाटायला लागलं होतं. म्हणून मी त्यात रोज बदलणारं काहीतरी घालते. "मंगळवार, निळी पिशवी, कुलूप लावलं." काय घालायचं ते शोधायला त्या क्षणी बघावंच लागतं, तेवढं पुरतं. पण एक सांगते, मी एकदा बोलून पुढे जाते. ज्यांना परत परत वर जाऊन बघावं लागतं, दहा वेळा बघूनही चैन पडत नाही, त्यांनी हे उपाय करत न बसता डॉक्टरांशी बोलावं, ते सवयीच्या पलीकडचं असू शकतं. घरात बघितलंय म्हणून लिहिलं.

शून्यप्रहर
गोळीबद्दल मी सांगते, रोजचं काम आहे माझं. आठवणीवर सोडूच नका. वारांचे कप्पे असलेली डबी मिळते, आठवड्याची एकदाच भरायची, मग प्रश्न "घेतली का" हा राहत नाही, कप्पा रिकामा का भरलेला एवढंच बघायचं. ज्येष्ठांनी स्वतः भरली तर दुसऱ्याने एकदा नजर टाकावी. आणि शंका आली म्हणून अंदाजाने दुसरी गोळी अजिबात घ्यायची नाही, डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारायचं, प्रत्येक औषधाचं वेगळं असतं. वॉर्डात आम्ही गोळी दिली की तिथल्या तिथे नोंद करतो, नंतर करू म्हटलं की गेलंच, मग कितीही वर्षांचा अनुभव असू दे.

तिरपी_रेघ
डबी आणतेच. म्हणजे सवय आहे तशी राहू द्यायची, पण साक्ष बाहेर ठेवायची. हे पटलं. शून्यप्रहर, एक विचारू का, तुम्ही वर चिडून लिहिलं होतंत की ठराविक वेळच नाही, मग तुमच्या स्वतःच्या सवयी टिकतात कशा? का टिकतच नाहीत?

शून्यप्रहर
काही टिकतात, काही सोडून दिल्या. घड्याळाला बांधलेली एकही टिकली नाही. कृतीला बांधलेल्या टिकल्या. युनिफॉर्म काढला की लगेच पाय सैल करायचे ताण देऊन, मग ते पहाट असो का रात्र. चप्पल काढली की फोन सायलेंट, कारण झोपायची वेळ दुपारची असली तर जग जागं असतं. घड्याळवाले म्हणतात ते जर-तर आहेच हे, फक्त त्यात वाजले किती हे येत नाही. वाचनाचं मात्र जमलं नाही, रात्रपाळीनंतर दोन ओळींत डोळे मिटतात, ते आता सुट्टीतच करते आणि त्याला सवय म्हणत नाही.

अडचण सुट्टीच्या दिवशी येते. युनिफॉर्मच घातला नाही तर काढणार काय. त्या दिवशी ताण राहूनच जातात, त्यावर काही सुचत असेल तर लिहा.

कुरकुर_काका
माझ्या चालण्याचंही हेच झालं ना. मी आता खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांशी ठरवलंय, ते दार वाजवतात. ते आले नाहीत तर मी जात नाही, हे आधीच कबूल.

वळणावर
काका, आणि त्यांचं दार कोण वाजवतं? ;)

कुरकुर_काका
त्यांची सून. विचारलं मी.